खुर्चीतला रंगारी

प्रिय दादा,

गोळ्यांच्या नशेत तू गेलास, तेव्हा त्यावरचा उतारा फक्त नदीपलीकडच्या बंगलेवाल्यांना मिळायचा. आपल्या वस्तीत नुसती रडारड. आता दवाखान्यातल्या नर्सताईंनी तोच उतारा, नाकात मारायचा फवारा, इथल्या दुकानादुकानांत ठेवलाय, माझ्या सलूनमध्येही.

काल दुपारी मी केस कापत असताना एक रंगारी खुर्चीतच काळानिळा पडला. खिशात पाठदुखीच्या नशिल्या गोळ्या, तुझ्यासारख्याच. मी फवारा मारला, तोंडाने श्वास दिला. शेवटी त्याने डोळे उघडले आणि आरशात बघून पुटपुटला, “ताई, एकच बाजू कापलीत?”

मी हसता हसता रडले. रुग्णवाहिकेत चढवताना म्हटलं, “दुसरी फुकट कापीन, पण धडधाकट होऊन ये रे बाबा!”

तू नाहीस, हे सलतंच. पण आज सलून उघडताना मी चक्क गुणगुणत होते.

तुझीच,
चिमणी