टोपीतला तुरा आणि अडकलेली बोट

मुक्काम बोटीवर, नांगर टाकून
दसऱ्यानंतरचा आठवडा, सन २००४

तीर्थरूप भिमाजीमामा आणि कोंडामामी यांच्या पायांवर हौशीरामचं डोकं. (डोकं सध्या ठिकाणावर न्हाई, पण नमस्काराला चालतंय.)

मी खुशाल आहे असं लिहायची रीत हाय म्हणून लिहितो. मामींचा गुडघा कसा हाय? खोडदच्या कालव्याला पाणी सुटलं का? आमच्या बोटीवरचा नारायणगावचा सुदर्शन श्रावणात सुट्टीवर गावी आला, त्याच्याबरोबर टपोऱ्या विलायती मक्याची पुडी दिली व्हती, ती पोचली असंलच. आता जे झालंय ते आईला सांगू नका. सांगितलंत तर अर्धंच सांगा, आणि ते अर्धं मी निवडून देईन.

मामा, आमची बोट धान्याची. तिच्या पोटात मका सुट्टाच ओतत्यात, पोतं न्हाई का गोणी न्हाई. मागच्या खेपेला जो मका व्हता तो म्हणे शास्त्रज्ञांनी आतून बदललेला. किड्यानं खाल्ला तर किडा मरतो, माणसानं खाल्ला तर माणूस ढेकर देतो. जिथं भरला तिथली माणसं सकाळ-संध्याकाळ तोच खात्यात, आणि जिथं उतरवला तिथं कुणी साधं विचारलंसुद्धा न्हाई. मग मला झाडू देऊन पोटात उतरवलं आणि राहिलेला केर समुद्रात टाक म्हणाले. आता मामा, तुमीच सांगा, धान्य समुद्रात टाकायला हात धजंल का? (पानात भात टाकला म्हणून तुमी मला गोठ्यात जेवायला बसवलं व्हतं, ते मी विसरलो न्हाई.) मी चांगला डबाभर निवडून ठेवला. ह्या खेपेला मका साधा, बिनबदलाचा, कारण ज्या देशात न्यायचा त्या देशाला बदललेला चालत न्हाई.

तेवढ्यात नवरात्र आलं. घट बसवायला तुमच्या चुलीवर धुरात टांगलेलं पांढऱ्या मक्याचं कणीस मी पेटीत जपून आणलं व्हतं. आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं बी ते. आमच्या आचाऱ्यानं ते भाजून, मीठ-लिंबू लावून खाल्लं! (आणि वर म्हणतो, जरा जून व्हतं.) देव काय दाण्याची जात विचारतो का, म्हणून मी डब्यातला मका घेतला, स्वयंपाकघरातल्या कुंडीची माती एका परातीत पसरली आणि घट बसवला. मामा, काय उगवला म्हणता! नऊ माळांत वीतभर. असा घट आपल्या आळीत कुणाचा आला न्हाई.

दसऱ्याला बोट बंदराच्या तोंडाशी पोचली. मी घट उठवला आणि रीतीप्रमाणं तुरा डोक्याच्या पिवळ्या टोपात खोवला. एक आमच्या तांडेलला दिला (तांडेल रत्नागिरीचा, साऱ्या खलाशांचा वरचा), एक कप्तानाच्या टोपीत मी स्वतः खोवला. थोराला तुरा दिल्याबिगर दसरा कसला? इतक्यात तपासणीची बाई शिडी चढून आली. पाहुणी म्हणून मी तिलाही एक तुरा दिला. तिनं तो घेतला, मामा, चिमट्यानं! देवाचा प्रसाद चिमट्यानं! वर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं. मग कप्तानाच्या टोपीतला काढला, माझ्या टोपातला काढला. पाला चुरून पाण्यात घातला, त्यात एक पट्टी बुडवली. पट्टीवर दोन रेघा उठल्या, म्हणजे मका बदललेला निघाला, आणि अख्खी बोट थांबली.

तेव्हापासून आमी नांगर टाकून उभे. हा देश म्हणतो, आत येऊ नका. शेजारचा म्हणतो, या, पण पीठ करून आणा, म्हणजे ते कुठं उगवायचं न्हाई. (बोटीवर गिरणी असती तर मी भाकऱ्या थापून घेऊन गेलो नसतो?) तिसरा म्हणतो, चालंल, पण 'बदललेला' अशी चिठ्ठी चिकटवा. सुट्ट्या मक्याला चिठ्ठी कुठं चिकटवू, दाण्याच्या बुडाला? चौथ्याकडं नियमच न्हाई, म्हणून तो घाबरलाय. एकच मका एका किनाऱ्यावर न्याहारी, दुसऱ्यावर विष, आणि मधला समुद्र सगळीकडं सारखाच खारट! अरे, एवढ्या राज्यांचे शहाणे कोट घालून बसत्यात, त्यांना एक नियम ठरवता येईना? आपल्या गावकीत मारुतीच्या पारावर भांडाभांडी करून का व्हईना, पाण्याची पाळी ठरतेच की! कुणाचं पोट बिघडलं न्हाई, कुणाचा किडासुद्धा मेला न्हाई, आणि गुन्हेगार कोण, तर मी!

तांडेल रोज टोमणा मारतो, "हौशा, सारी बोट तुझ्या तुऱ्याला टांगलीय रं!" बाईनं तांडेलकडून मला समजावलं, की मका मोठा झाला की शेंड्याला जो तुरा येतो, त्याची धूळ वाऱ्यानं उडती, शेजारच्या कणसात शिरती, आणि मग त्याचं बी पहिल्यासारखं राहत न्हाई. मी तिच्या तोंडावर हसलो. म्हटलं, सांग तिला, वाऱ्याला नियम लाव आधी. आता मला बोटीच्या पोटात उतरवून मागच्या खेपेचा दाणा-दाणा हुडकून कोपरे घासायला लावलंय. घासून झालं, पुन्हा पट्टी बुडवली आणि दुसरी रेघ उठली न्हाई, तर नोकरी राहील. मी चुकलो असं मात्र मी म्हणणार न्हाई.

आपला आज्ञाधारक,
हौशीराम

ता.क. कप्तानाला तुरा आवडला व्हता. पिशवीत घालताना तो "माझा मला द्या" म्हणाला.

ता.क. दुसरा. मामा, सुदर्शनबरोबरची ती पुडी त्याच डब्यातली हाय. तुमी हौसेनं पांढऱ्या मक्याच्या शेजारच्या वाफ्यात लावाल, मला ठाऊक हाय. खाली घासता घासता तेच डोळ्यांसमोर येतं, की वारा सुटलाय आणि आजोबांचं बी बिघडतंय. आचाऱ्यानं खाल्लं ते एक कणीस गेलं. तुमच्या चुलीवर टांगलेली बाकीची कणसं तरी राहिली पायजेत. पाणी सुटून पेरला असंल तर तुरा यायच्या आत मुळासकट उपटा. पेरला नसंल तर भाजून खा, पण एक दाणा मातीत पडू देऊ नका. सगळ्या जगाला एकच नियम पायजे हे मी वर लिहिलं ते खरंच हाय, फक्त तो आपल्या बांधापाशी थांबावा. मामींनी पुडी देव्हाऱ्यात ठेवली असंल तर देवाला हात जोडून तिथनं उचला, पण हातानं नको, चिमट्यानं. चिमटा नसला तर मामींची सांडशी चालंल. तेवढी सूट मी देतो.