काटा चाळीसवर

स्वराज,

भात कुकरमध्ये आहे, आमटी गरम करून घे. आप्पा आज एसटीतून रिटायर होतायत, मी डेपोत निरोपाला चाललेय.

काल तू माझ्या एअरब्रशच्या कॉम्प्रेसरने बाइकच्या चाकात हवा भरलीस आणि दाब चाळीसवरच ठेवून गेलास. रंगाला पंधरा लागतो, हे तुला दहादा सांगून झालंय. आप्पांना भेट द्यायच्या छोट्या लाल मॉडेल-बसला त्यांच्या रूटच्या 'पोलादपूर–कुडपण' पाटीखालचा पांढरा पट्टा तेवढा राहिला होता. सकाळी घाईत काटा न बघता मी एअरब्रशचा खटका दाबला, एवढी चूक माझी. रंग कोळ्याच्या पायांसारखा काचांवर फुटला. पुसायला गेले तर खालचा लालही उठला. तीन महिन्यांचं काम!

यापुढे हवा भरलीस तर रेग्युलेटर उलटा फिरवून ठेव. आणि काटा खटका दाबून बघायचा. नुसता बघितलास तर वीस दाखवतो, हवा सुटली की पंधरावर येतो. तुझ्यासारखंच आहे त्याचं.

बस तशीच खोक्यात घालून नेतेय. आप्पा नावं ठेवणार नाहीत. "बरी झालीय गो," म्हणतील आणि सगळ्यांसमोर मांडीवर घेऊन बसतील.

तू त्यांना फोनवर सांगून ठेवलंयस ना, बस आम्ही दोघांनी मिळून केली म्हणून? कालपर्यंत ते खोटं होतं.

दिशा