अडकित्त्याचं पाणी

६ फेब्रु. चांदूर बाजार
हातून वाईट झालं. हिच्या अडकित्त्याचा खिळा जाम होता. ही पोरीकडे अकोल्याला गेली, म्हटलं येईस्तोवर मोकळा करून ठेवू. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवली की सैल होते, हे लहानपणी पाहिलेलं. म्हणून सबंध अडकित्ता चुलीच्या निखाऱ्यात ठेवला. खिळा सुटला खरा. पण पातं पिवळं, मग निळं, मग लाल झालं. आता सुपारीवर धारच दुमडते. मुठीचे पितळी मोर काळे पडले. हिच्या आईचा अडकित्ता. सोमवारी ही येणार.

७ फेब्रु.
बाजारात सत्तारभाई लोहाराकडे गेलो. पात्यावर कानस फिरवून हसला.
"काकाजी, अडकित्त्याले शेकोटीवर बसवलं काय? पाणी उतरलं याचं. धार मऊ पडली."
नीट होईल का?
"होईन. नाई तं तडकून जाईन. पोलाद कोनाचं आयकत नाई."


८ फेब्रु.
सकाळपासून त्याच्या भट्टीपाशी. खिळा काढून नुसती धार तापवली, मुठीला ओलं फडकं. मधूनमधून लोहचुंबक लावून पाहायचा. पातं लालबुंद झालं आणि चुंबक चिकटेचना! एवढं वय झालं, हे ठाऊक नव्हतं.
"आता बराबर तापलं," म्हणाला आणि तेलात बुडवलं. पाण्यात एकदम आकसतं, चीर जाते म्हणे. मी डोळे मिटले. तडकलं नाही.
पण आता काचेसारखं ठिसूळ. म्हणून घासून चकचकीत केलं, परत हळूहळू शेकलं. गव्हाच्या काडाचा रंग चढला की थांबायचं. "निळं झालं तं परत मऊ." म्हणजे माझ्या निखाऱ्यात तो रंग येऊन गेला होता, मी नुसता पाहत बसलो.
सत्तारभाईजवळ घड्याळ नाही, मोजायचं यंत्र नाही. रंग वाचतो. मी चौथी पास, मला अक्षरं लागतात कशीबशी. हा माणूस आग वाचतो.

९ फेब्रु.
धारेजवळ केसासारखी रेघ दिसते. परत गेलो.
"ओरखडा हाय, काकाजी. तरी चार दिवस भिजवलेलीच सुपारी द्या."
ओरखडा आहे तर भिजवलेली कशाला?
मोर चिंचेने घासले, लगेच उजळले. पितळ बिचारं राग धरत नाही.

१० फेब्रु. सोम.
ही दुपारी आली. आल्या आल्या अडकित्ता.
"मोर कोनं घासले?"
"मी."
"काहून?"
 भिजवलेली सुपारी पुढे केली. अशी कातरली, जसं लोणी. वा रे सत्तारभाई!
"खिळा बी मोकळा झाला," म्हणाली. मग पातं उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. मी वही उघडून बसलो.
आता डबे उघडून राहिली.
"अवो, माही टणक सुपारी कुठी गेली?"
माझ्या बंडीच्या खिशात आहे. डावा हात तिच्यावरच आहे.