पुढे गेलेला वैद्य मागे का आला नाही

बोईसर, गुरुवार

तीर्थस्वरूप अण्णांस,

जावई दिग्विजयचा साष्टांग नमस्कार. (लिहितानासुद्धा मान वर होत नाही.) आईंचे गुडघे कसे आहेत? बोटीचं इंजिन दुरुस्त झालं का? इकडे स्वरा आणि तेजल ठीक असाव्यात. मायलेकी माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

रविवारच्या खेळाबद्दल लिहितो. नातीसाठी तुम्ही दर आठवड्याला मुरब्याहून येता, आमच्या दीड खोलीत सतरंजीवर बसून फासे टाकता, आणि खेळात तुम्ही ज्याचं सोंग घेता, तो आठ महिने जपलेला गोमा वैद्य मी एका नियमाने मारला. राक्षसासमोर स्वराची धनुर्धर बेशुद्ध पडलेली. तुम्ही म्हणालात, गोमा पंधरा फूट पुढे जाईल, तिला औषध पाजेल आणि उरलेले पंधरा फूट मागे येऊन दाराआड लपेल. मी (खेळ चालवणारा, म्हणजे त्या सतरंजीपुरता परमेश्वर) म्हणालो, नाही. एका पाळीत तीस फूट चाल आणि एक कृती. कृती केली की चाल संपली. तुम्ही एवढंच विचारलंत, "जालं टाकून होडी मागं आणतोच ना आमी? मंग हितं का नाय?" मी ऐकलं नाही. गोमा तिथेच उभा राहिला, राक्षसाने गदा घातली, आणि तुम्ही अर्धा चहा तसाच ठेवून चपला घातल्यात.

अण्णा, खेळाच्या पुस्तकात तसा नियमच नाही. चाल तोडता येते, थोडी कृतीच्या आधी, थोडी नंतर. माझा नियम कारखान्यातला. मशीनला हात लावला की बदलीचा रिलीव्हर येईपर्यंत जागा सोडायची नाही, हे बारा वर्षं शिफ्टमध्ये ओरडतो आहे, तेच तोंडातून निघालं. खेळायला बसलेले धीरज आणि अंकुश आमच्याच प्लँटचे, त्यांनीही माना डोलावल्या. (एरवी दोघेही रिलीव्हरची वाट बघत नाहीत.) त्याच डावात माझा राक्षस मात्र पुढे आला, तडाखा देऊन खुशाल मागे गेला, तेव्हा मला कुठलाच नियम आठवला नाही. याची फार लाज वाटते.

गोमा जिवंत असल्याचं मी जाहीर केलं आहे. रविवारी या.

आपला अपराधी,
दिग्विजय

ता. क. माझ्यासाठी नको, स्वरासाठी या. गोमाची सोंगटी तिने दप्तरात ठेवली आहे, मला हात लावू देत नाही.

ता. क. २. काल रजा टाकून मुरब्याला आलो होतो, माफी मागायला. तुम्ही ओट्यावर जाळं दुरुस्त करत होतात. फाटकापर्यंत आलो आणि आल्यापावली फिरलो. सगळी चाल वापरली, कृती राहिली. राहिलेली कृती पुढच्या पाळीत मिळत नाही (हे पुस्तकात आहे, तीनदा वाचलं), म्हणून हे पत्र.

ता. क. ३. तेजल आत्ता पहिल्यांदा बोलली. म्हणे तुम्ही मला पाहिलं होतं, आणि आईंना माझा चहा टाकायला सांगूनही झालं होतं. पत्र टपालात टाकत नाही, उद्या स्वतःच घेऊन येतो. यातलं एक वाक्यही मला तोंडाने सांगता येणार नाही. तुमचं वाचून होईपर्यंत मला ओट्यावरून हलू तेवढं देऊ नका.