माइकच्या वायरची जाळी

साकोली,
मंगळवार, ३ डिसेंबर १९८५

चि. पंचफुला हिला दादाचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे खुशाल आहोत. आईचा खोकला उतारावर आहे. घरच्या धानाची चुरणी-मळणी आटोपली, आणि तुझ्या वहिनीने नव्या धानाचे पोहे तुझ्यासाठी डब्यात काढून ठेवले आहेत. जावईबापूंना नमस्कार सांग.

दुकान बरं चाललंय, असं लिहिणार होतो. पण तेवढ्यावर पत्र संपवायचं असतं तर ते तीन वेळा फाडलं नसतं.

तुला आठवतं का, लग्नाआधी तू दुकानाच्या मागच्या खोलीत बसून दुरुस्तीला आलेले रेडिओचे सेट उघडायचीस? मी सर्किटची प्लेट तापवून टेबलावर आपटत असे, जोडाचं जुनं सोल्डर झडावं म्हणून. निम्मं सोल्डर माझ्या पँटवर उडायचं. तू म्हणालीस, "काहून आपटून राहिला दादा? प्लेट आहे ते, धानाची पेंढी नाही." मग तूच माइकची जुनी वायर सोललीस, आतली तांब्याची जाळी काढलीस आणि सोल्डरवर ठेवून वरून तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवलंस. बघता बघता सोल्डर जाळीत चढलं आणि प्लेट कोरी झाली. मी जाळी ओढायला गेलो तर तू माझा हात धरलास. "वढू नको. तापलं का आपल्याच मनानं चढते."

बाई, काय हात होता तुझा! बिड्या वळून वळून तयार झालेली ती बोटं आठ पायांचं आयसी असं उचलायची, की खालच्या तांब्याच्या पट्टीला ओरखडा नाही. सुटा भाग बदललाय हे तुला सोडून कोणाला कळायचं नाही. आणि मी काय करायचो? मागचं झाकण लावण्याआधी आत पेन्सिलीने लिहायचो, "यादोराव, साकोली". पोरीच्या हातात लोक सेट देणार नाहीत, असं बाबा म्हणायचे. खरं सांगायचं तर ते मला सोयीचंच होतं.

त्या पेन्सिलीमुळेच सप्टेंबरात मला नागपूरहून पत्र आलं. इथल्या बँकेच्या साहेबांची तिकडे बदली झाली, आणि तू दुरुस्त केलेला त्यांचा टेपरेकॉर्डर तिथल्या भय्याजींच्या दुकानात उघडला गेला. ते दुकान मोठं आहे, सहा कारागीर कामाला. भय्याजींनी लिहिलं होतं, असं काम आम्ही कुठं पाहिलं नाही, एकदा येऊन आमच्या माणसांना दाखवा. मी हुरळलो आणि वायर घेऊन गेलो. तुला कळवलं नाही.

सगळे भोवती उभे राहिले. मी जाळी ठेवली, आयर्न टेकवलं. सोल्डर चढेना. जोर दिला, जाळी चिकटली, ओढली तर तांब्याची पट्टी प्लेटवरून सालीसारखी निघून आली. तू जाळी आधी टेबलावरच्या एका बाटलीतल्या पाण्यात बुडवायचीस, ते पाणी म्हणजे स्पिरिटात विरघळलेली राळ होती आणि तिच्याशिवाय सोल्डर चढत नाही, हे मला तिथं कळलं. मी आजवर त्याला पॉलिश समजत होतो! एकदा धनीराम गुरुजींच्या रेडिओला लावून पाहिलं होतं, आठवडाभर गुरुजींचा हात चिकटत होता.

भय्याजी रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "हे काम तुमचं नाही जी. ज्याचं असन त्याले पाठवा, मी पगारावर ठेवतो."

आता खरं ते लिहितो. मी म्हणालो, "एक पोरगा होता दुकानात, सोडून गेला."

पंचफुला, मी तुला पोरगा केलं आणि घालवूनही दिलं.

मागच्या महिन्यात तुझ्या सासरी लाखनीला आलो तेव्हा तू सुपात तेंदूची पानं घेऊन बिड्या वळत बसली होतीस. मला म्हणालीस, "दादा, एखादी बिघडलेली प्लेट असन तं आणजो. हात शिवशिवते." मी नाही म्हणालो. भय्याजींचं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही.

शनिवारी मी परत नागपूरला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. भय्याजींनी हातातलं आयर्न खाली ठेवलं. मग म्हणाले, "नऊ तारखेच्या सोमवारी आणा बहिणीले. प्लेट देऊन पाहतो." एक प्लेट, त्यावर नोकरी. रोज जाणं-येणं जमेल की तिथं खोली घ्यावी, ते तुम्ही नवराबायको ठरवा. जावईबापूंना हे पत्र वाचून दाखव. त्यांना माझा राग आला तर येऊ दे.

आज सकाळी धनीराम गुरुजी रेडिओ घेऊन आले. "तुया हातात जादू आहे यादोराव," म्हणाले. मी म्हणालो, "गुरुजी, तो हात पंचफुलाचा होता." त्यांनी रेडिओ परत पिशवीत घातला. "मंग मी लाखनीलेच नेतो." आणि खरंच निघाले! संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बाजारभर झाली असेल. होऊ दे.

सोमवारी सकाळी सात वाजता मी लाखनीच्या स्टँडवर उभा असेन. तू आलीस तर नागपूरला मी बाहेर बाकावर बसेन, आत एक शब्द बोलणार नाही. नाही आलीस तरी मी जाईन, आणि भय्याजींना सांगेन की माझी बहीण माझ्यावर रागावली आहे, आणि तिचा राग बरोबर आहे.

तुझा, पण आज मोठा म्हणवून घ्यायला धजत नसलेला,
यादोराव