मूळचे कुठले?

जळगाव,
आषाढ वद्य (तिथी कॅलेंडरवर दिसत नाही, तिच्यावर ज्योतीने दूध न आल्याच्या फुल्या मारल्या आहेत)

ती. गिरधर आबांना प्रेमराजचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे तूर्त खुर्चीतूनच केला आहे. उरलेला कानबाईच्या सणाला गावी आल्यावर पुरा करतो.) तुमचा मोतिबिंदू पिकला का? काकूंचा खोकला गेला का? मागच्या खेपेला मला ढुशी मारणारी ती वांड म्हैस अजून आहे की विकली? विकली असल्यास माझी तक्रार नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल. कूलर बिघडला आहे, पण त्याची गरज संपल्यावर बिघडल्यामुळे त्याच्याविषयी घरात आदर वाढला आहे. खरं तर फोनच करणार होतो. परंतु तुम्ही फोन कानाला लावून ‘बरं शे ना? ठेव मंग’ म्हणता आणि मी ‘नमस्कार’ पुरा करायच्या आत ठेवून देता. माझं प्रकरण एवढ्यात बसणारं नाही. म्हणून हे पत्र. ते हितेंद्रच्या हाती पडू देऊ नका, म्हणजे तो तिकडे येणार नाहीच, पण सांगून ठेवतो.

हितेंद्र म्हणजे आमच्या कॉलनीचा सेक्रेटरी. वय पस्तीस, आवाज पासष्टचा. गेल्या वर्षापर्यंत गटारीच्या झाकणापलीकडे त्याने कशात लक्ष घातलं नव्हतं, आणि झाकणं खरोखर चांगली बसली होती. पण मध्यंतरी मोबाईलवर कुणाचं तरी भाषण ऐकून तो जागा झाला, आणि तेव्हापासून कॉलनीत कुणाला स्वस्थता नाही. मीटिंगमध्ये उभा राहून तो म्हणाला की ज्याला स्वतःचं मूळ ठाऊक नाही त्याला देश काय कळणार! त्याच वेळी चहा आल्यामुळे सर्वांनी माना डोलावल्या आणि ठराव मंजूर झाला. ठराव असा, की पंधरा ऑगस्टला फाटकाशी काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवायची, तिच्यावर प्रत्येक कुटुंबाचं नाव आणि नावापुढे ‘मूळचे’ कुठले ते कोरायचं. माहिती गोळा करायला निवृत्त, अनुभवी आणि रिकामा माणूस हवा होता. तिन्ही गुण एकाच ठिकाणी सापडले. आबा, पाटबंधारे खात्यात मी उभा जन्म इतरांची माहिती गोळा करण्यात घालवला, धरणात पाणी असो नसो. त्यामुळे हे काम मला गोड वाटलं. छातीला बिल्ला लावून मी दारोदार हिंडलो.

लोक किती लांबून आले आहेत म्हणून सांगू! आमच्या या कॉलनीत एकही माणूस साध्या गावाहून आलेला नाही. सगळे गडावरचे, किल्ल्यावरचे, संस्थानातले. समोरच्या रतिलालच्या आजोबांचं पाचोऱ्याच्या स्टेशनाबाहेर भज्यांचं दुकान होतं, त्यांच्या हातची भजी मी स्वतः खाल्ली आहेत, पण त्यानेही ‘राजघराण्याचे पाकशास्त्री’ असं लिहून दिलं. मी लिहून घेतलं. माहिती घेणाऱ्याने हसायचं नसतं.

मग युसूफभाईंचं घर आलं. तुम्ही त्यांना पाहिलं आहे. आमच्या स्वप्नीलच्या लग्नात ज्यांनी वऱ्हाडासाठी गाद्या दिल्या आणि तुम्ही ज्यांना ‘गादी झकास शे’ म्हणून शाबासकी दिलीत, ते. आमची भिंत एक आहे आणि इतकी वर्षं संध्याकाळचा चहाही एकच. त्यांच्या रईसाभाभींचा शीरखुर्मा आल्याशिवाय आमच्या घरी ईद झाली असं कुणी मानत नाही. तर मी पेन उघडून विचारलं, युसूफभाई, मूळचे कुठले? ते म्हणाले, इथलेच. मी म्हटलं, ते झालंच, पण मूळचे? म्हणाले, वडीलही इथलेच, शनिपेठेतले. मी म्हटलं, हो हो, पण त्याच्या आधी? म्हणाले, आजोबा सावद्याचे, तिथे कापूस पिंजायचे. आणि आबा, इथे थांबायचं सोडून मी सवयीने म्हटलं, ते ठीक, पण खरं मूळ? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या नावापुढे ‘चौकशी सुरू’ असं लिहिलं. (खात्यात रकाना मोकळा सोडत नसत. मोकळा रकाना दिसला की माझा हात आपोआप हे दोन शब्द लिहितो. यात दुसरं काही नव्हतं.) त्यांनी ते वाचलं. मग अगदी शांतपणे विचारलं, ‘भाऊ, तुम्ही मूळचे कुठले?’

मी बोटांवर पिढ्या मोजू लागलो. पणजोबा मोतीलाल आपल्या गावचे, इथवर मला ठाऊक. त्यांच्या आधी वना नावाचा कुणी पुरुष होता एवढं ऐकलेलं. वनाच्या मागे अंधार. मी म्हटलं, कळवतो. त्या संध्याकाळपासून युसूफभाई चहाला आलेले नाहीत. माझी गादी त्यांच्याकडे पिंजायला दिलेली होती. ती त्यांनी सुनेच्या, नाजमीनच्या हाती पाठवून दिली. स्वतः आले नाहीत. गादी इतकी सुरेख झाली आहे की पाठ दुखायची थांबली, आणि मला त्याचाच संताप येतो. माणसाने रागात काम तरी वाईट करावं.

असो. उत्तर द्यायचं तर मूळ शोधणं आलं. पहिल्यांदा हितेंद्रने एक वंशावळी सांगणारा भाट आणला. फेटा, मिशा, कानात भिकबाळी, सगळं यथास्थित. त्याने डोळे मिटून आपलं (म्हणजे तुमचं-माझं) कुळ थेट चंद्रापासून सुरू केलं. मधल्या एका राजापाशी श्वास घेतला आणि आपला पूर्वज एक हजार घोडे घेऊन तापी उतरला असं सांगितलं. मी तिथल्या तिथे तक्ता करून भिंतीला लावला. ज्योतीने स्वयंपाकघरातूनच विचारलं की हजार घोडे होते तर आपल्याकडे साधी सायकल का टिकत नाही. (तिच्या माहेरी इतिहासाची आवड नाही.) भाट वरणबट्टी जेवून समोर रतिलालकडे गेला. खिडकी उघडी होती. तोच चंद्र, तोच राजा, तीच तापी. घोडे मात्र दीड हजार, कारण तिथे बासुंदी होती.

मग स्वप्नीलने पुण्याहून शास्त्रीय मार्ग सुचवला. एक नळी पाठवली, तिच्यात थुंकून ती परत धाडायची, की प्रयोगशाळा सात पिढ्यांचं सांगते. आबा, जळगावात रस्त्यावर थुंकू नका म्हणून पाट्या आहेत, आणि इथे थुंकी कुरिअरने मागवतात! उपाशीपोटी बसलो तर तोंडाला कोरड पडली. शेवटी ज्योतीने समोर चिंच धरली तेव्हा नळी भरली. निकाल आला. रंगीत गोल चक्र, त्यात जवळजवळ सगळं ‘दक्षिण आशियाई’, आणि कडेला एक बारीक पाचर ‘अनिश्चित’. मी दक्षिण आशियातला आहे हे मला बसस्टँडवरच्या कुठल्याही रिक्षावाल्याने फुकट सांगितलं असतं. हितेंद्रला मात्र त्या पाचरीची काळजी लागली. ती जाहीर करू नका म्हणाला.

शेवटी ज्योतीनेच वैतागून म्हटलं की यंत्राला विचारलंत, भाटाला विचारलंत, आता घरच्या माणसाला विचारा. म्हणून मी गाडीत बसून पाचोऱ्याला तानुबाईआत्याकडे गेलो. तुमची थोरली बहीण ठणठणीत आहे. पहिली पंधरा मिनिटं मी किती वाळलो यावर गेली, नंतरची माझ्या सुनेने अजून पाळणा का हलवला नाही यावर. मी मुद्द्यावर आलो आणि विचारलं, आत्या, आपला वना मूळचा कुठला? तिने मिश्रीचं बोट तोंडातून काढलं आणि मलाच विचारलं, ‘गिरधर गहू मोजस तव्हय शेवटली मूठ कोनी ऱ्हास?’

आता माझं म्हणणं नीट कळावं म्हणून तुम्हालाच ठाऊक असलेलं पुन्हा लिहितो (हीही खात्याचीच सवय). कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, तुम्ही घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढता. ज्याची मूठ त्या गव्हात, तोच भाऊबंद, आणि रोट त्यानेच खायचा. बाहेरच्याला तुकडाही जाऊ द्यायचा नाही म्हणून दार लावून घ्यायचं. आणि सगळी नावं संपली की तुम्ही काही न बोलता आणखी एक मूठ घालता. लहानपणी मी विचारलं होतं ही कुणाची, तर तुम्ही डोळे वटारलेत आणि मी ती देवाची समजून गप्प बसलो.

आत्या म्हणाली ती वनाची. तो आपल्या घरी जन्मलाच नव्हता. आगगाडीही नव्हती तेव्हाची गोष्ट. कानबाई बसलेली, घरात दळण चाललेलं, आणि हा फाटका मिशाळ गडी दाराशी उभा. तिचे शब्द जसेच्या तसे देतो: ‘रोट परकाले देता येत नई, आनि भुक्याले दारमाईन धाडता येत नई. मंग म्हतारीनी जातामा आखो एक मूठ गहू टाका, दळं, आनि म्हने, आते हाऊ आपला भाऊबंद.’ झालं. तो जेवला, राहिला, नांगर धरला. म्हातारीला मूलबाळ नव्हतं. तिचं आडनाव, तिचं कुळ, तिची कानबाई, सगळं त्याच्याकडे आलं. त्याचा मोतीलाल, आणि मोतीलालचे आपण सगळे. मी हट्टाने पुन्हा विचारलं, पण आत्या, तो मूळचा कुठला? ती चिडली. ‘कोठला व्हता ते कोनले माहीत? भुक्या व्हता, एवढं बठ्ठासले माहीत शे.’

परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली, तरी मी बराच वेळ उभाच होतो. चंद्र गेला, राजा गेला, हजार घोडे तापीत बुडाले. ज्या कुळाचा मी गर्वाने तक्ता करून भिंतीला लावला, ते कुळ एका अनोळखी बाईने उपाशी माणसाला वाढलेलं आहे. लाज वाटावी की अभिमान वाटावा, ते ठरेना. मग एक गोष्ट सुचली आणि लाजच वाटली. पुढे कुणी तसा दाराशी आला तर उपाशी जाऊ नये म्हणून ती मूठ घालायची, असं आत्या म्हणाली. आपण दर वर्षी न चुकता घालतो. आणि मग दाराला आतून कडी लावतो. इतकी वर्षं ती मूठ आपणच खात आलो, आबा.

बाकी सर्व ठीक. काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला काही नाही. डोळ्यात थेंब घालत जा.

आपला,
प्रेमराज

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. या वर्षी ती शेवटची मूठ घालताना गप्प न राहता एक नाव मोठ्याने घ्यावं, ही विनंती. नाव युसूफ. जास्तीचे गहू लागत नाहीत, मूठ आहे तीच, नियमही मोडत नाही. मूठ पडली की तो भाऊबंद, आणि मग मी रोट त्याच्या दारी नेऊ शकतो. त्याने खायचा की नाही, ते त्याच्या मनावर आणि त्याच्या धर्मावर. नाही खाल्ला तर मी त्याच्यासमोर बसून त्याच्या वाटणीचा खाईन, पण त्याच्या नावाने खाईन. भाऊबंदांत लोक काय म्हणतील अशी तुम्हाला चिंता वाटेल. तर एवढंच सांगतो, की एकाच भिंतीला राहून तो इतके दिवस माझ्याशी बोलत नाही. याहून पक्का भाऊबंद कसा असतो? सगळी लक्षणं जुळली आहेत, गहू तेवढे बाकी आहेत.

दुसरा ता. क. हितेंद्रने पाटीचा नमुना हरकतींसाठी फाटकावर चिकटवला. माझ्या नावापुढे त्याने परस्पर ‘एक हजार घोडे’ टाकले होते. मी ते खोडून माझ्या हाताने ‘चौकशी सुरू’ लिहिलं. आता ग्रॅनाइटवर एकाखाली एक अशी दोन घरं चौकशीत राहतील. हितेंद्र म्हणतो, देशापुढे हे शोभत नाही. मी म्हटलं, मग आधी गटारीची झाकणं बघ.

तिसरा ता. क. (पोस्टाच्या पेटीवर कागद ठेवून लिहितो आहे, अक्षराला हसू नका.) निघालो तेव्हा युसूफभाई फाटकापाशी तो नमुना वाचत उभे होते. दोन ओळी वाचून झाल्यावरही हसले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘गादी टोचते का?’ मी म्हटलं, फार टोचते. (मुळीच टोचत नाही.) संध्याकाळी येऊन बघतो म्हणाले. ज्योतीला फोन करून चहाला दूध जास्त आणायला सांगितलं आहे. तरीही आबा, मूठ त्यांच्या नावाने घालाच. भाऊबंदांचा काय भरवसा.