चादरीची दुसरी बाजू

४ फेब्रुवारी

आता म्हणे मला चादर घालायला शिकवणार! पंधरा वर्षं चौथ्या मजल्यावरच्या खोल्या करते आहे.

साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं — हॉटेलनं एका प्रशिक्षण संस्थेशी करार केलाय. संस्था शिकवणार, परीक्षा घेणार, प्रमाणपत्र देणार. महिनाअखेरीला ज्याच्या हातात कागद नाही, त्याला हॉटेलात काम नाही.

बडबडी माझ्या कानाशी लागली, "ताई, आता प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय गादी आडवी व्हायची नाही बघा." हसू दाबताना मला ठसका लागला. साहेबांनी नेमकं माझ्याकडेच पाहिलं.

बडबडी हे मी ठेवलेलं नाव, तिला ठाऊक नाही. नऊ वर्षं आम्ही दोघी जोडीनं खोल्या करतो. मी खिडकीकडून, ती दाराकडून.

६ फेब्रुवारी

शिकवणारी बाई माझ्या लेकीहून लहान आहे. बोलते गोड. पुस्तक दिलं — ऐंशी पानं. बाकीच्या कुरकुरल्या. मी पिशवीत घालून घरी आणलं, अकरा पानं वाचली.

वाचायला मी दवाखान्याच्या बाकावर शिकले. ह्यांच्या आजारपणात. पाहुणे खोलीत टाकून जायचे ती मासिकं न्यायची आणि अडखळत वाचून दाखवायची. अडलेला शब्द हे पडल्या पडल्या सांगायचे. आता अडलं की अडलंच.

९ फेब्रुवारी

एकोणीस खोल्या. गुडघा. बाकी काही नाही.

१४ फेब्रुवारी

नापास.

लेखी झकास गेली. मग मोठ्या पलंगाची खोली, बाई घड्याळ घेऊन दारात. नऊ मिनिटं, एकटीनं. चादर झटकली, खिडकीकडचे दोन्ही कोपरे दुमडले, हात फिरवला — एक सुरकुती नाही. आणि थांबले! हात बांधून उभी. समोरून चादर ओढली जायची वाट बघत. किती वेळ, देव जाणे. बाई म्हणाल्या, "मावशी, राहिलेली बाजू?" तेव्हा कुठे भानावर आले. धावत पलीकडे गेले, तोवर वेळ संपली होती.

बडबडी पास. पेढे वाटायचे सोडून उलट रडवेली झाली. "माझ्यामुळे झालं, ताई. मी तुम्हाला लाडावून ठेवलंय."

बावीस तारखेला पुन्हा संधी. ती शेवटची.

१५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, सोड ना ते काम. माझ्याकडे ये." जावई चांगले आहेत. पण पाहुणी म्हणून चार दिवस बरे असतात. पाचव्या दिवशी आपण कुठे बसायचं तेच कळत नाही.

सकाळी घरचं अंथरूण नीट करताना लक्ष गेलं. इथेही मी आपलीच बाजू सारखी करते. ह्यांच्या बाजूला सहा वर्षांत सुरकुतीच पडली नाही, तर हात तरी कशाला लावायचा!

१७ फेब्रुवारी

बडबडीनं मनावर घेतलंय. दुपारी ४०८ रिकामी होती. दार लोटलं, स्वतः पलीकडे उभी राहिली, हात पाठीमागे.

"चला, घाला. मी नाहीच."

मी माझी बाजू केली आणि सवयीनं वर पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? सांगितलं ना, मी नाहीच इथे!"

"नसलेलं माणूस इतकं बोलतं होय गं?"

दोघी गादीवर बसून हसलो. मग ती गादी पुन्हा करावी लागली.

१९ फेब्रुवारी

अकरा मिनिटं. बडबडी गप्प राहिली — नऊ वर्षांत पहिल्यांदा! मला चैन पडेना.

२० फेब्रुवारी

नऊला दहा सेकंद कमी. युक्ती तिचीच — "चादर मधोमध टाका, पायथ्याकडून वळसा घाला. थांबायचं नाही. थांबलात की मी आठवते."

२२ फेब्रुवारी

पास! सात मिनिटं चाळीस सेकंद. बाईंनी घड्याळ दोनदा पाहिलं. "मावशी, तुमची वेळ मी अहवालात लिहिते. एकटीनं इतक्या झटपट कुणीच केलं नाही." साहेबांनी हात जोडले. मी फुगले, खोटं कशाला लिहू.

प्रमाणपत्र ह्यांच्या फोटोशेजारी टेकवून ठेवलं. बडबडीनं आणलेला पेढा पुढे ठेवला. मग मीच खाल्ला.

२८ फेब्रुवारी

फळ्यावर सूचना लागली. बायका माझ्याभोवती जमल्या — "ताई, वाचा की." मोठ्यानं वाचत गेले. संस्थेच्या अहवालाप्रमाणे प्रशिक्षित बाई मोठा पलंग एकटीनं पावणेआठ मिनिटांत करते. सबब उद्यापासून जोड्या बंद. मजल्यावर एकच बाई, जिची नोकरी जुनी ती. खाली नावं होती.

चौथ्या मजल्यापुढे माझं. अडले नाही कुठेच. सगळं स्वच्छ वाचता आलं.

साहेबांकडे गेले. म्हणाले, "मावशी, आकडा तुमचाच आहे." बडबडी जिन्यात भेटली. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. कागद आहे ना माझ्याकडे, कुठेही घेतील." एवढंच बोलली. ती!

१ मार्च

४०८. चादर मधोमध टाकली, पायथ्याकडून वळसा घातला. तिच्या बाजूला पोचले आणि थांबले.